समोरून येणारा सायकलवाला मान का हलवत नाही?

मंदगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं. आज सिंहगडावरून उतरून, पिठलं-भाकरी खाऊन, आंघोळ न करताच लिहायला बसलोय, तेव्हा सूर जरा चढा लागला तर हलके घ्या.

गेली चार वर्षं मी धायरी, खडकवासला, डोणजे, गोळेवाडी असा फिरतो. पहिली साडेतीन वर्षं सायकल हायब्रिड होती, म्हणजे सरळ हँडलची. मडगार्ड, कॅरिअर, कॅरिअरला बाजाराची पिशवी बांधायची रबरी दोरी. अंगात ऑफिसच्या मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेला टी-शर्ट, पायात रोजचे बूट. समोरून ड्रॉप हँडलवाले (खाली वळलेल्या हँडलच्या रेसिंग सायकलींवरचे) आले की मी हात वर करायचो. बहुतेक जण माझ्या आरपार बघत निघून जायचे. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाकडेही लोक 'किती राहिलं' म्हणून बघतात, मला तेवढाही मान नव्हता.

दिवाळीत बोनस मिळाला आणि रोड बाइक घेतली, ड्रॉप हँडलवाली. सोबत जर्सी आणि बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली घट्ट चड्डी. (बायको म्हणाली, "सोसायटीच्या गेटपर्यंत तरी वरून काहीतरी घाला.") पहिल्याच रविवारी धरणाच्या अलीकडे समोरून तिघे आले, तिघांनी माना हलवल्या. त्यातला लाल हेल्मेटवाला माझ्या चांगला ओळखीचा. म्हणजे मी त्याला ओळखतो. साडेतीन वर्षं त्याला हात करत होतो! मी तोच, रस्ता तोच, पोटही तेच. बदललं होतं फक्त हँडल.

पुढच्या रविवारी मुद्दाम जुनी हायब्रिड काढली, पण कपडे नवे घातले. या वेळी माना हलल्या, पण अर्धवट. नजर आधी हँडलकडे, मग माझ्याकडे, आणि मग निम्म्यात गारठलेली मान. लग्नात चुकीच्या माणसाला 'ओळखलंत का' म्हणून गेल्यावर होतं तसं.

तर प्रश्न असा की हा नमस्कार नक्की कोणाला असतो?

पंक्चरपुराण

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो. हा धागा शंभरी गाठणार.

कॅडेन्स९०

आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितोय. मी मान न हलवणाऱ्यांपैकी.

घाट चढताना माझी नाडी १७०ला असते. तेव्हा समोरून सख्खी बहीण आली तरी ओळखणार नाही. उतरताना दोन्ही हात ब्रेकवर आणि नजर पुढच्या खड्ड्यावर. सिंहगडाचा उतार ज्यांनी पावसाळ्यात केलाय त्यांना सांगायला नको, शेवाळलेलं वळण, वर निवांत बसलेली गाय आणि चुकीच्या बाजूने येणारी जीप. त्यात हात सोडून 'राम राम' करायचं? जमलं तर बोट उचलतो. ते तुम्हाला दिसलं नसेल तर माझा नाइलाज आहे.

आणि शिष्टाचाराचा विषय काढलाच आहे तर मागे येऊन चिकटणाऱ्यांचंही बोला. गेल्या महिन्यात मुळशी रस्त्यावर एक गृहस्थ भुगावपासून पौडपर्यंत माझ्या मागच्या चाकाला डकवल्यासारखे आले. एक शब्द नाही. पौडला मी पाणी प्यायला थांबलो तर हे सुसाट पुढे गेले. जाताना मान हलवली हो त्यांनी. त्या मानेचं मी काय करू?

घाटवेडा

कॅडेन्स, हे मान न हलवण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवीन लोक वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास गेलात की तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसलात की साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. वारा समोरून असेल तर फरक अंगाला कळतो, अचानक कोणीतरी पाठीला हात लावल्यासारखं वाटतं. म्हणजे पुढचा माणूस तुम्हाला फुकटात काहीतरी देत असतो. गटात हे उधारीवर चालतं. दोन मिनिटं तू ओढ, दोन मिनिटं मी. अनोळखी माणसामागे न विचारता बसणं म्हणजे दुसऱ्याच्या रिक्षात चढून भाड्याचं नाव न काढणं.

पण खरं भांडण भाड्याचं नाहीच, पडण्याचं आहे. मागे कोणी आहे हे मला माहीत असेल तर मी खड्डा आला की हात खाली करून दाखवतो, "ब्रेकर!" म्हणून ओरडतो, अचानक ब्रेक दाबत नाही, नाक शिंकरण्याआधी मागे बघतो (हो, हेही शिष्टाचारात येतं). मला माहीतच नसेल तर मी खड्डा बघून सर्रकन उजवीकडे वळणार आणि मागच्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला घासणार. अशा वेळी पुढचा वाचतो आणि मागचा पडतो. सासवड रस्त्यावर हे डोळ्यांनी पाहिलंय. कॉलरबोन गेलं बिचाऱ्याचं.

"मागे बसू का?" एवढे तीन शब्द. नाही म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.

तिरकसराव

आता कोणीतरी 'काळ्या सायकलवरच्या धोतरवाल्या आजोबांनी मला घाटात मागे टाकलं' हा किस्सा टाकणारच, म्हणून मीच टाकून मोकळा होतो: आजोबांनी मला मागे टाकलं. पुढे चला.

मंदगती, एक शंका. तुम्ही साडेतीन वर्षं ड्रॉप हँडलवाल्यांना हात करत होतात. त्याच रस्त्याने पहाटे साध्या सायकलवरून बिगारी, वॉचमन, फुलवाले जातात. त्यांना किती वेळा केलात?

मंदगती

तिरकसराव, 🙏

(विचार करून लिहितो.)

कोल्हापूरचा_रस्सा

भावा, आमच्याकडं असलं काय नाही. जोतिबाच्या घाटात तू कुठल्या बी सायकलवर ये, वरनं उतरणारा बोंबलत जातोय, "वड की जोरात! एवढंच ऱ्हायलंय!" एवढंच म्हणजे किती ते इचारू नका, लई असतंय. पुण्यात मान हलवायला बी अर्ज करावा लागतोय व्हय?

जुनापुणेकर

कोल्हापूरकरांनी पुण्याचा उद्धार केलाच आहे, तर वयोज्येष्ठ म्हणून चार ओळी.

पुणे सायकलींचं शहर होतं असं म्हणतात तेव्हा मी त्या सायकलींवर होतो. तासावर भाड्याने सायकल मिळायची. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत तेव्हा दांड्याखालून पाय घालून चालवायचो. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस थांबवायचे, डबलसीट असलात तर उतरवायचे.

शिष्टाचार होता, आणि तो काटेकोर होता. समोरून शाळेतले मास्तर आले की सायकलवरून खाली उतरायचं. नुसतं हळू करायचं नाही. उतरायचं, हँडल धरून उभं राहायचं, ते पुढे गेले की मग टांग टाकायची. एकदा मी लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत न उतरता नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी वर्गात सर म्हणाले, "काल आपण फार घाईत होतात वाटतं?" त्या 'आपण'ने जो घाम फुटला तो तुमच्या सिंहगडाच्या चढाला फुटणार नाही.

पण सायकलवाल्याने सायकलवाल्याला नमस्कार? छे. कोणी कोणाला करायचं? सगळेच सायकलवर होते. ओळखीचा असला तर घंटी वाजवायची, नसला तर आपल्या वाटेने जायचं. तुमचं हे मान हलवणं सायकली कमी झाल्यावर सुरू झालेलं आहे. परगावी मराठी बोलणारा भेटला की आपण उगाच जवळ जातो, तसं.

आइंडहोवनकर

जुनापुणेकर, अगदी! मी सहा वर्षं नेदरलँड्समध्ये आहे आणि तुमचं शेवटचं वाक्य इथे रोज पटतं. इथे ऑफिसला, बाजारात, पोराला पाळणाघरात सोडायला, सगळीकडे माणसं सायकलवर. कोणी कोणाकडे बघतसुद्धा नाही. मी सुरुवातीला पुण्याच्या सवयीने सगळ्यांना हात करायचो. शेजारीण म्हणाली, "तू एवढ्या लोकांना कसा ओळखतोस?"

मात्र रेसवाल्यांचं इथे वेगळं आहे. त्यांना शब्दच वेगळा, 'विलरेनर'. साधा सायकलवाला तो 'फित्सर'. विलरेनर मंडळी एकमेकांना बोट किंवा हनुवटी उचलतात, आणि फित्सर मंडळी त्यांच्यावर चिडलेली असतात, कारण हे दहा-बाराच्या टोळीने सायकल ट्रॅकवरून सुसाट जातात. टोळीत सतत ओरडा चालू असतो. ट्रॅकच्या मधोमध खांब असला की पुढचा "पाल्त्ये!" म्हणतो, समोरून कोणी आलं की "तेखन!". ते मागच्यापर्यंत पोचवत न्यायचं. आपल्या "खड्डा!"चा डच अवतार. खड्डे नाहीत म्हणून खांब लावलेत असं मला कधी कधी वाटतं.

सायलीची_सायकल

वाचतेय. इतका वेळ एकही बाई बोललेली नाही म्हणून लिहिते.

मला मान न हलवणाऱ्यांचा काहीच त्रास नाही. मला त्रास होतो जास्त हलवणाऱ्यांचा. पाषाण ते सूस माझा रोजचा रस्ता आहे. मी कोणाला मागे टाकलं, आणि तो पुरुष असला, की पुढच्या दोन मिनिटांत मागून फासफूस ऐकू येते. जीव खाऊन तो मला ओलांडतो. आणि मग? माझ्या पुढे जाऊन हळू होतो! आता मला पुन्हा त्याला ओलांडावं लागणार, म्हणजे तो पुन्हा. एका गृहस्थांबरोबर हे चार वेळा झालं. शेवटी मी टपरीवर थांबून चहा प्याले, त्यांना जाऊ दिलं. पुढच्या वळणावर ते झाडाखाली वाट बघत उभे. म्हणाले, "दमलात का?"

दुसरा प्रकार सल्ले. "मॅडम, सीट अर्धा इंच वर घ्या." "मॅडम, मोठ्या गियरवर चढू नका." माझी सीट फिटिंग करून घेतलेली आहे, काका. सिग्नलला उभी असताना अनोळखी माणूस येऊन माझ्या सायकलचा ब्रेक दाबून बघतो, टायर चिमटीत धरतो, आणि "केवढ्याला पडली?" विचारतो. स्कूटरवर बसलेल्या बाईचा ब्रेक दाबून बघाल का हो?

गटाचंही सांगते. सुरुवातीला एका गटाबरोबर जायचे, नाव घेत नाही. 'कोणालाही मागे सोडणार नाही' असं मेसेजमध्ये ठळक लिहिलेलं. जुन्या कात्रज घाटाच्या पायथ्याशी माझी चेन पडली. मी हात वर केला, ओरडले. सगळे गेले. चेन बसवून, काळे हात घेऊन बोगद्यापाशी पोचले तर मंडळी फोटो काढून झालेली, आणि मी येताच, "चला, निघूया!" म्हणजे त्यांची विश्रांती संपली आणि माझी सुरूच झाली नाही. कोणालाही मागे न सोडणं म्हणजे नुसतं थांबणं नाही. शेवटचा माणूस आल्यावर त्याला पाणी पिऊ देणं आणि मग निघणं. एवढं कळायला कार्बन फ्रेम लागत नाही.

घाटवेडा

सायली, शेवटच्या परिच्छेदाला उभं राहून अनुमोदन. आमच्याकडे एकाची 'शेपटी' म्हणून नेमणूक असते. शेपटीने शेवटच्याच्या मागेच राहायचं, मग तो ताशी आठने का जाईना. दर रविवारी शेपटी बदलते, आणि सगळ्यात वेगवान माणसाला ती आधी मिळते.

कॅडेन्स९०

सायली, पहिला परिच्छेद वाचून थोडा गप्प बसलो. मी थांबून "दमलात का" विचारलेलं नाही, पण बाकीचं एकदा केलंय. तेव्हा मी ते 'ट्रेनिंग' समजत होतो.

पंक्चरपुराण

चहा घेऊन आलो. चेन पडल्यावरून आठवलं. टूर द फ्रान्समध्येही यावर महाभारत झालंय. २०१०, पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची) अँडी श्लेकच्या अंगावर. त्याने चढावर हल्ला चढवला आणि त्याच क्षणी त्याची चेन उतरली. मागून त्याचा प्रतिस्पर्धी काँतादोर आला, आणि न थांबता पुढे गेला. त्या दिवशी त्याने ३९ सेकंद कमावली. पॅरिसला पोचल्यावर काँतादोर जिंकला तो किती फरकाने? बरोबर ३९ सेकंद. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याचं विजेतेपद काढून २०१२ साली श्लेकला दिलं ते वेगळं. नियमाप्रमाणे चेन पडलेल्यासाठी थांबायची सक्ती नाही. पण लोकांनी काँतादोरची पोडियमवर हुर्यो उडवली.

उलट उदाहरण त्याच शर्यतीतलं, २०२२चं. पोगाचार उतारावर पडला तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी, पिवळ्या जर्सीतला विंगेगार्ड, त्याच्यासाठी हळू झाला, आणि पोगाचारने गाठल्यावर हात पुढे केला. सायकल चालवता चालवता दोघांनी हात मिळवले. ज्यांना वाटतं की उतारावर हात सोडता येत नाही त्यांनी (कॅडेन्स, तुम्ही नाही हो) तो व्हिडिओ बघावा.

कॅडेन्स९०

त्यांच्या रस्त्यावर गाय नव्हती.

ब्रेव्हेबाई (नाशिक)

उशिरा आले. काल ३००ची ब्रेव्हे करून झोपून उठलेय.

तुमच्या या मान हलवण्याच्या चर्चेवर रात्री दोनला हायवेवर उत्तर मिळतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेव्हे ही शर्यत नाही, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किमीला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४०. मदतीला स्वतःची गाडी मागून पळवत न्यायला बंदी. कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) कार्डावर शिक्का, किंवा एटीएमची चिठ्ठी, किंवा पेट्रोल पंपावरची पावती. नंबर कोणाला मिळत नाही. पहिला आला काय नि शेवटचा आला काय, यादीत नावं सारखीच लागतात.

दिवसा तिथेही तुमच्यासारखेच नमुने असतात. पहिल्या पन्नास किलोमीटरला सगळे एकमेकांच्या सायकली न्याहाळतात. रात्र पडली की सायकल दिसतच नाही. दूरवर एक लाल दिवा दिसतो, एवढंच. तो गाठायचा, शेजारी जायचं, "काय, ठीक?" विचारायचं. झोप लागत असलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं. मी एका अनोळखी मुलाला इगतपुरीपासून पहाटेपर्यंत पुरणपोळीची पाककृती सांगत आणलंय. मागे कोणी असेल तर आपला मागचा दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर करायचा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांची वाट लागते. हा शिष्टाचार मला कोणी शिकवला नाही, पहिल्या ४००ला पुढच्याच्या लुकलुकणाऱ्या दिव्याने शिकवला.

आमच्याकडून पंढरपूरची सायकल वारी जाते. तिथे रोड बाइक, गियरची, बिनगियरची, टोपलीवाली, सगळ्या असतात. हाक एकच, माऊली. "माऊली, डावीकडून!" "माऊली, ट्रक!" "माऊली, तुमची बाटली पडली!" मंदगती, एकदा या. मात्र परतल्यावर सिंहगड रस्त्यावर 'माऊली' म्हणून हाक मारलीत तर काय होईल ते सांगता येत नाही.

तिरकसराव

'काय विकताय? आम्हाला नको' असं उत्तर मिळेल.

पंक्चरपुराण

🤣

आता माझा किस्सा. नाव पंक्चरपुराण उगाच नाही. खेड शिवापूरच्या पुढे मागचं चाक बसलं. सोबतची ट्यूब लावली तर तीही खाचेत चिमटून गेली. रस्त्याकडेला पंक्चरवाला होता, पण माझा व्हॉल्व्ह प्रेस्टा, पातळ सळईसारखा, आणि त्याच्याकडे मोटरसायकलची नळी. मध्ये लावायचं पितळी बोंडूक (अॅडॉप्टर) मी घरी विसरलेलो. किरकोळ वस्तू. (सगळ्यांनी आजच दोन घेऊन ठेवा, एक सीटखालच्या पिशवीत, एक पाकिटात.)

तेवढ्यात एक जण थांबला. मी ज्याला दोन वर्षं मनातल्या मनात 'खडूस' म्हणत होतो तो. रोज समोरून जातो, कधी मान नाही की बोट नाही. याने बोंडूक दिलं, ट्यूब दिली, टायरच्या आतून बोट फिरवून काचेचा तुकडा शोधून काढला, जो मी दोन्ही वेळा शोधला नव्हता. न राहवून विचारलं, रोज ओळख दाखवत नाही ते का? म्हणाला, "मला मायनस चार आहे. घामाने चष्मा धुरकट होतो म्हणून काढून ठेवतो. समोरून कोणीतरी येतंय एवढं दिसतं."

मी त्या दिवसापासून त्याच्यापासून लांबूनच चालवतो.

सायलीची_सायकल

गोड आहे, पण सगळ्यांना मायनस चार नसतो. मंदगतींच्या लाल हेल्मेटवाल्याला नवं हँडल बरोबर दिसलं होतं.

मंदगती

सायली, तोच मुद्दा. पण आधी तिरकसरावांना द्यायचं उत्तर राहिलंय. तीन आठवडे झाले, त्यामुळे धागा वर काढतोय त्याबद्दल क्षमस्व.

उत्तर: एकदाही नाही. साडेतीन वर्षांत एकदाही नाही. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड फाट्यापाशी रोज सहाच्या सुमाराला एक वॉचमन समोरून येतात, रात्रपाळी संपवून. खाकी शर्ट, हँडलला डबा, मागे गुंडाळलेलं ब्लँकेट. मी त्यांना बघत होतो, पण सायकलवाले म्हणून मोजत नव्हतो. लाल हेल्मेटवाला मला मोजत नव्हता तसंच.

मग दुसऱ्या दिवशी हात केला. त्यांनी मागे वळून बघितलं, की मागे कोणी आहे का. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी हँडलवरची दोन बोटं उचलली. आता रोज उचलतात. बोलणं नाही, थांबणं नाही, एवढंच. मला जरा स्वतःचं कौतुकही वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

परवा मी हात केला तर ते बोटं उचलायच्या ऐवजी सायकल आडवी घालून थांबले. "ओ भाऊ! थांबा जरा." मला वाटलं, झालं, आता पैसे मागणार. (हे वाटलं, लिहून टाकतो.) ते उतरले, स्टँड लावला, माझ्या पुढच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो खटका उघडा हाय."

क्विक रिलीज, म्हणजे चाक पक्कं धरून ठेवणारा खटका. आदल्या रात्री गाडीत टाकायला चाक काढलं होतं, बसवताना खटका दाबायचाच राहिला. तसाच धायरीहून तिथवर आलो होतो आणि पुढे सिंहगड चढून उतरणार होतो. मी दाबायला गेलो तर म्हणाले, "आधी चाक नीट बशीव," आणि स्वतःच हँडल उचलून धरलं.

घाटवेडा

बाप रे. उघड्या क्विक रिलीजवर सिंहगडाचा उतार म्हणजे, नको, लिहीतच नाही. सगळ्यांनी निघण्याआधी दोन्ही खटके हाताने बघा.

कॅडेन्स९०

आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो.

तिरकसराव

सहा वाजता, नांदेड फाटा ना? मीही येतो उद्या. माझी चेन करकरतेय.